पाठीमागचा माणूस : बॉब टेलर आणि यष्टिरक्षणाचा अस्त पावलेला धर्म

१५ फेब्रुवारी १९८० रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी सुरू झाली. या सामन्याचा धावफलक आज उघडला, तर डोळे आधी इयान बॉथमच्या नावावर जातात. पहिल्या डावात ५८ धावांत ६ बळी, मध्ये ११४ धावा, दुसऱ्या डावात ४८ धावांत ७ बळी. एकाच कसोटीत शतक आणि दहापेक्षा जास्त बळी अशी कामगिरी तोवर कोणत्याही पुरुष खेळाडूने केलेली नव्हती. मग नजर खाली सरकते आणि भारताच्या डावात एकच नाव पुन्हा पुन्हा येत असल्याचे लक्षात येते. झेल टेलर. झेल टेलर. पहिल्या डावात सात भारतीय फलंदाज यष्टीमागे झेल देऊन परतले, दुसऱ्या डावात आणखी तीन. एका कसोटीत दहा झेल हा त्या दिवशी जागतिक विक्रम होता.

तरीही आपल्याकडच्या क्रिकेटरसिकांच्या आठवणीत या सामन्यातला बॉब टेलर आहे तो फलंदाज म्हणून. पंचांनी बाद दिलेला आणि गुंडप्पा विश्वनाथने परत बोलावलेला. आयुष्यभर यष्टींमागे उभा राहिलेला माणूस आपल्याला यष्टींपुढे उभा असतानाच्या एका क्षणामुळे आठवतो, हे थोडे विचित्रच आहे. त्या क्षणाकडे पुढे येईनच. त्याआधी हा माणूस तिथवर कसा पोचला ते पाहायला हवे.

रॉबर्ट विल्यम टेलरचा जन्म १७ जुलै १९४१ चा, इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर स्टॅफर्डशायर परगण्यात येते, आणि स्टॅफर्डशायर ही क्रिकेटमधली तेव्हाची ‘मायनर’ काउंटी. म्हणजे तिचे सामने प्रथम श्रेणीत धरले जात नाहीत. सिडनी बार्न्ससारखा गोलंदाज याच काउंटीचा, पण मोठे क्रिकेट खेळायचे तर शेजारच्या घरी जाणे भाग. १९६० साली इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध मायनर काउंटीजच्या संघातून टेलर पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला, तोही स्टोकमध्येच. पुढच्याच वर्षी डर्बीशायरचा यष्टिरक्षक जॉर्ज डॉक्स जायबंदी झाला आणि टेलरला जागा मिळाली. ती १९८४ पर्यंत बहुतेक काळ त्याच्याकडेच राहिली.

डर्बीशायर हा श्रीमंत संघ कधीच नव्हता. काउंटी अजिंक्यपद त्यांनी एकदाच मिळवले, तेही १९३६ साली. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. इथून वेगवान आणि मध्यमगती गोलंदाज निघत. लेस जॅक्सन, हॅरल्ड ऱ्होड्स, पुढे ॲलन वॉर्ड, माइक हेंड्रिक. आणि अशा गोलंदाजांना लागतो तसा यष्टिरक्षकही या काउंटीने जपून ठेवलेला असे. १९२० च्या दशकापासून हॅरी एलियट, दुसऱ्या महायुद्धानंतर डॉक्स, मग टेलर. सुमारे सहा दशकांतला बराचसा काळ या तिघांनीच वाटून घेतला. एखाद्या गावात कुंभारकामाचा वारसा एका घराकडून दुसऱ्याकडे जावा, तसा हा मामला. टेलरने हंगामामागून हंगाम डर्बी आणि चेस्टरफील्डच्या हिरव्या, ओलसर खेळपट्ट्यांवर कड घेऊन आलेले चेंडू झेलले. ओल्या खेळपट्टीवर चेंडू टप्पा पडल्यावर काय करेल याचा नेम नसतो, त्यामुळे यष्टिरक्षकाला आधीच हालचाल करून चालत नाही. उशिरापर्यंत थांबायचे आणि मग नेमके तेवढेच हलायचे. टेलरचे पाऊल शांत आणि हात मऊ होते. चेंडू हातमोज्यात आपटत नसे, येऊन विसावे. ज्यांनी त्याला पाहिले त्यांतले बहुतेक एकच गोष्ट सांगतात: तो काही अवघड करतो आहे असे वाटायचेच नाही. प्रेक्षकाला आवडते ती सूर मारून घेतलेली झेप. पण पाय वेळेवर हलले असतील तर झेप घ्यावी लागत नाही. यष्टिरक्षकाने गुण मिळवले की ते दिसत नाहीत, घालवले की सगळ्यांना दिसतात. टेलरचे काम दिसत नव्हते, इथपासूनच त्याच्या कारकिर्दीची अडचण सुरू होते.

ती अडचण म्हणजे ॲलन नॉट.

केंटचा नॉट टेलरपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान. यष्टिरक्षक म्हणून दोघांत डावे-उजवे कोण यावर इंग्लंडमध्ये तेव्हाही वाद होता आणि आजही आहे. यष्टीमागच्या शुद्ध कौशल्यात टेलर काकणभर सरस, असे मानणारे जाणकार बरेच होते. बॅट हातात घेतली की मात्र वाद संपत असे. नॉटने कसोटीत पाच शतके केली, सरासरी ३२.७५. टेलरची कसोटी सरासरी १६.२८. निवड समितीला दोन तुल्यबळ यष्टिरक्षकांतून एक निवडायचा असेल, तर ती दरडोई सोळा धावा जास्त देणाऱ्याला निवडणार. यात अन्याय आहे असे म्हणता येत नाही. पण न्याय आहे असे म्हणायलाही जीभ अडखळते.

१९७०-७१ च्या हिवाळ्यात रे इलिंगवर्थच्या संघाबरोबर टेलर ऑस्ट्रेलियाला गेला तो नॉटचा राखीव म्हणून. इंग्लंडने ॲशेस जिंकली. टेलरने संपूर्ण मालिका तंबूत बसून पाहिली. दौऱ्याच्या शेवटी न्यूझीलंडमध्ये दोन कसोट्या होत्या. त्यांतल्या ख्राइस्टचर्चच्या पहिल्या कसोटीत नॉटने जागा मोकळी केली आणि एकोणतिसाव्या वर्षी टेलरला कसोटी टोपी मिळाली. डेरेक अंडरवूडने त्या सामन्यात बारा बळी घेतले, न्यूझीलंडचा पहिला डाव ६५ धावांत आटोपला, इंग्लंड सहज जिंकले. पुढची कसोटी ऑकलंडला. नॉट परत आला आणि त्याने १०१ व ९६ धावा काढल्या. टेलरच्या जागी मी असतो तर त्या दोन डावांकडे कसे पाहिले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. मित्राने उदारपणे एक खुर्ची देऊ केली, आणि आपण उठल्यावर त्याच खुर्चीत बसून त्याने ती कायमची आपलीच असल्याचे दाखवून दिले.

कायमची म्हणजे किती? नॉट त्यानंतर सलग पासष्ट कसोट्या खेळला. टेलरची दुसरी कसोटी डिसेंबर १९७७ मध्ये लाहोरला झाली, पहिलीनंतर जवळजवळ पावणेसात वर्षांनी. मधल्या काळात तो वेस्ट इंडिजला आणि पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला, राखीव म्हणूनच. १९७१-७२ मध्ये गारफील्ड सोबर्सच्या नेतृत्वाखाली जागतिक संघ ऑस्ट्रेलियात गेला, त्यातही टेलर होता. त्या संघात आपले सुनील गावसकर, बिशनसिंग बेदी आणि फरूक इंजिनिअर होते. म्हणजे तिथेही यष्टीमागच्या जागेसाठी टेलरपुढे बॅट चालवणारा आणखी एक यष्टिरक्षक उभाच होता, आणि तो मुंबईचा.

घरी मात्र तो रोज खेळत होता. प्रवास, सराव, तीन दिवसांचा सामना, रविवारी एकदिवसीय, पुन्हा प्रवास. १९७५ मध्ये त्याच्याकडे डर्बीशायरचे कर्णधारपद आले. वर्षभरातच त्याने ते दक्षिण आफ्रिकेच्या एडी बार्लोकडे सोपवले, कारण नेतृत्वाच्या ओझ्याने आपल्या यष्टिरक्षणावर परिणाम होतो आहे असे त्याला वाटले. त्याच्या स्वभावाची खूण म्हणून मला हा निर्णय मोलाचा वाटतो. माणसे पदासाठी काम सोडतात. याने कामासाठी पद सोडले.

१९७७ मध्ये केरी पॅकरने जगातले चांगले खेळाडू पैसे मोजून आपल्या सर्कशीत नेले. सर्कस हा तेव्हाच्या विरोधकांचाच शब्द. नॉटही गेला. छत्तीस वर्षांच्या टेलरसमोर अचानक दार उघडले. याला नशीब म्हणायचे, तर सोळा हंगाम वाट पाहून आलेले नशीब म्हणावे लागेल. पाकिस्तान, न्यूझीलंड, मग १९७८-७९ ची ऑस्ट्रेलियातली मालिका, जी इंग्लंडने ५-१ अशी जिंकली. ॲडलेडच्या पाचव्या कसोटीत दुसऱ्या डावात इंग्लंडची अवस्था ६ बाद १३२ झाली होती. डर्बीशायरचाच जेफ मिलर आणि टेलर यांनी सातव्या गड्यासाठी १३५ धावा जोडल्या. टेलर ९७ वर पोचला. रॉडनी हॉगचा चेंडू बॅटला पुसटसा लागून मागे गेला आणि केव्हिन राइटने तो झेलला. कसोटी शतकाला तीन धावा कमी, आणि बाद करणारा यष्टिरक्षकच. प्रथम श्रेणीतले त्याचे एकमेव शतक यायला पुढे १९८१ उजाडले. यॉर्कशायरविरुद्ध, शेफील्डला, बरोबर १००.

आता वानखेडे.

त्या सामन्यात एक गमतीदार खाडा होता. १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होते. खग्रासाचा पट्टा कर्नाटकातून ओडिशाकडे जाणारा, पण मुंबईतही ग्रहण मोठेच दिसणार होते. प्रेक्षकांनी सूर्याकडे पाहून डोळे बिघडवून घेऊ नयेत म्हणून विश्रांतीचा दिवस अलीकडे आणला गेला. पहिल्या दिवशी खेळ, दुसऱ्या दिवशी ग्रहणाची सुट्टी. भारताचा पहिला डाव २४२ धावांत संपला होता. माइक ब्रेअर्लीचा संघ ऑस्ट्रेलियात तिन्ही कसोट्या हरून थकून आलेला. त्यांची अवस्था ५ बाद ५८. तिथे टेलर बॉथमच्या जोडीला आला.

८५ धावा झाल्या असताना कपिल देवच्या चेंडूवर यष्टीमागे झेलाचे अपील झाले. पंच हनुमंतराव यांनी बोट वर केले. टेलर घुटमळला. पंचांचा निर्णय निमूटपणे मानणारा म्हणून त्याची ख्याती होती, त्यामुळे त्याचे घुटमळणेच बोलके ठरले असावे. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथने पंचांशी बोलून अपील मागे घेतले. टेलर राहिला. त्याने ४३ धावा केल्या, पण बॉथमबरोबरची भागीदारी १७१ ची झाली. इंग्लंडने २९६ धावा करून ५४ ची आघाडी घेतली. भारताचा दुसरा डाव १४९ मध्ये गडगडला आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकले.

या प्रसंगाची आपल्याकडे दोन प्रकारे मांडणी होते. एक भाविक: विश्वनाथने सभ्य माणसांच्या खेळाची लाज राखली. दुसरी व्यवहारी: विश्वनाथने सामना घालवला. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. दुसरी तर हिशेबातही टिकत नाही. टेलर ८५ वर बाद झाला असता, तर बॉथमला जॉन एम्बुरी, ग्रॅहॅम स्टीव्हन्सन, जॉन लीव्हर आणि अंडरवूड यांच्या साथीने खेळावे लागले असते. इंग्लंडची आघाडी बहुधा झाली नसती, हे मान्य. पण दुसऱ्या डावात १४९ वर बाद होणारा संघ आघाडीअभावी वाचला असता हे कुणी सिद्ध करावे? आणि हरण्याचे कारण शोधायचेच तर ते दहा झेलांत आहे. खेळपट्टी वेगवान गोलंदाजांना साथ देणारी होती, बॉथमचा चेंडू वळत होता, आणि बॅटची कड घेतलेला चेंडू मागे सुटत नव्हता. विश्वनाथने परत बोलावलेल्या फलंदाजाने भारताला जेवढे नडले, तितकेच किंवा अधिक त्या यष्टिरक्षकाने नडले, ज्याला परत बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

भाविक मांडणीबद्दल एवढेच म्हणेन की विश्वनाथने जे केले ते त्याने उपकार म्हणून केले नाही. बॅटला चेंडू लागला नाही असे त्याला वाटले आणि जे घडले नाही त्याचे फळ घ्यायला त्याने नकार दिला. कर्णधार म्हणून त्याची ही दुसरी आणि शेवटची कसोटी ठरली.

आणि टेलरचे काय झाले? दहा झेलांचा विक्रम करून तो मायदेशी परतला. उन्हाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ आला. पॅकरकडून परतलेला नॉट पुन्हा संघात आला, टेलर बाहेर. नॉटच्या धावा होईनात तेव्हा यॉर्कशायरचा डेव्हिड बेअरस्टो आला. हिवाळ्यात वेस्ट इंडिजला बेअरस्टो आणि तरुण पॉल डाउन्टन गेले. जागतिक विक्रम करणाऱ्या यष्टिरक्षकाला पुढची कसोटी खेळायला सव्वा वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. १९८१ च्या ॲशेस मालिकेत पहिल्या कसोटीत डाउन्टनने ॲलन बॉर्डरचा झेल सोडला, सामना गेला, आणि मग निवड समितीला आठवण झाली की झेल घेणारा एक माणूस डर्बीशायरमध्ये आहे.

म्हणूनच हेडिंग्लीच्या त्या अद्भुत कसोटीत यष्टीमागे टेलर होता. तिच्या दुसऱ्या दिवशी तो चाळीस वर्षांचा झाला. फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडने बॉथमच्या नाबाद १४९ आणि बॉब विलिसच्या ४३ धावांतल्या ८ बळींच्या जोरावर १८ धावांनी तो सामना जिंकला, हे सर्वांना पाठ आहे. विलिसच्या चेंडूवर जेफ लॉसन यष्टीमागे झेल देऊन गेला, तो टेलरचा प्रथम श्रेणीतला १२७१ वा झेल होता आणि त्याने जॉन मरेचा जागतिक विक्रम मोडला, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. त्या मालिकेच्या शेवटच्या दोन कसोट्यांत, अर्थातच, नॉट परत आला.

नॉट १९८२ मध्ये बंडखोर संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला आणि बंदीत सापडला. मग पुढची दोन वर्षे टेलर निर्वेध खेळला. १९८४ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यात, बेचाळिसाव्या वर्षी, त्याची कसोटी कारकीर्द संपली. ५७ कसोट्या, १६७ झेल, ७ यष्टिचीत. प्रथम श्रेणीत ६३९ सामने, १४७३ झेल, १७६ यष्टिचीत, एकूण १६४९ बळी. हा आकडा आजही जगात सर्वांत मोठा आहे. प्रथम श्रेणी सामन्यांची संख्या ज्या वेगाने घटली ते पाहता तो मोडला जाण्याची शक्यता दिसत नाही.

या आकड्यांतला एक तपशील मला खिळवून ठेवतो. केंटचा लेस एम्स हा दोन महायुद्धांच्या दरम्यानचा यष्टिरक्षक. त्याचे एकूण बळी ११२१, त्यांतले ४१८ यष्टिचीत. १९३२ च्या एकाच हंगामात त्याने ६४ फलंदाजांना यष्टिचीत केले. टेलरच्या सोळाशेंहून अधिक बळींत यष्टिचीत फक्त १७६. टेलरचा हात मंद होता असा याचा अर्थ नाही. एम्ससमोर टिच फ्रीमनचा लेग-स्पिन होता, टेलरसमोर डर्बीचे मध्यमगती गोलंदाज. त्यात १९६० नंतर एकदिवसीय सामने आले, फिरकीची षटके कमी झाली. १९८१ पासून काउंटी सामन्यांत खेळपट्ट्या पूर्ण झाकल्या जाऊ लागल्या, तेव्हा पावसाने भिजून चेंडू वळवणारी खेळपट्टीही गेली. यष्टीजवळ उभे राहून काम करण्याचे प्रसंगच आटत गेले. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की एम्स हा शंभरहून अधिक शतके काढणारा फलंदाजही होता. म्हणजे फलंदाज-यष्टिरक्षक ही ॲडम गिलख्रिस्टने किंवा महेंद्रसिंग धोनीने आणलेली नवी चाल नव्हे. फरक इतकाच की एम्सच्या काळात अपवाद असलेली गोष्ट टेलरच्या काळात अपेक्षा झाली आणि त्यानंतर अट. टेलरनंतर ग्लॉस्टरशायरच्या जॅक रसेलची अशीच फरफट ॲलेक स्टुअर्टच्या धावांपायी झाली. वानखेडेवरचा दहा बळींचा विक्रम १९९५ मध्ये जोहान्सबर्गला अकरा झेल घेऊन मोडला तोही या रसेलनेच.

आपल्याकडेही हे घडून गेले आहे. मुंबईच्या नरेन ताम्हाणेंचे यष्टिरक्षण पाहिलेले जुने लोक अजून हळव्या सुरात बोलतात. २१ कसोट्यांत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत. फलंदाजीची सरासरी दहाच्या आसपास. त्यांचीही जागा सतत डगमगती राहिली. सुभाष गुप्तेच्या लेग-स्पिनवर त्यांच्या हातांचा जो उपयोग झाला त्याची किंमत सरासरीच्या रकान्यात कुठे मांडायची? सुटलेला झेल निदान लक्षात राहतो. दुसऱ्या कुणाकडून सुटला असता पण याने घेतला, अशा झेलासाठी धावफलकात रकाना नाही.

जुलै १९८६. लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी चालू होती. फलंदाजी करताना रिचर्ड हॅडलीचा उसळता चेंडू डोक्यावर लागून इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच जायबंदी झाला. न्यूझीलंडचा डाव सुरू झाला तेव्हा बिल ॲथीने दोन षटके कसेबसे निभावले. टेलर त्या दिवशी मैदानावर होता, पण सुटाबुटात. मालिकेच्या प्रायोजक विमा कंपनीच्या पाहुण्यांची सरबराई करण्याचे काम त्याच्याकडे होते. आठवड्यापूर्वी त्याने पंचेचाळिसावे वर्ष पूर्ण केले होते आणि दोन हंगाम तो निवृत्त होता. बदली खेळाडूने यष्टिरक्षण करायचे तर तेव्हा प्रतिस्पर्धी कर्णधाराची संमती लागे. जेरेमी कोनीने ती दिली. जमेल ते साहित्य गोळा करून टेलर मैदानात उतरला आणि तिसऱ्या षटकापासून सत्तरहून अधिक षटके त्याने यष्टी राखल्या. पाहणाऱ्यांना तो निवृत्त झाल्यासारखा वाटलाच नाही. दुसऱ्या दिवशी हॅम्पशायरचा बॉबी पार्क्स आला, टेलरने हातमोजे उतरवले आणि तो पुन्हा पाहुण्यांकडे गेला. बदली खेळाडूची कामगिरी कारकिर्दीत मोजत नाहीत, त्यामुळे त्याच्या खात्यात कसोट्या सत्तावन्नच राहिल्या.